कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

दसरा झाला की आपल्या घनसावंगी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते, मुकादमाचा निरोप येतो, आणि एका कोयत्यामागे नवरा-बायको दोघंही गाव सोडतात. लेकरू एकतर त्यांच्याबरोबर कोपीवर जातं, नाहीतर आजीजवळ मागं राहतं. मागं राहिलेलं पाच वर्षांचं पोर रात्री आजीला एकच विचारतं, माय कधी येणार? आजी म्हणते, पट्टा पडला की.

त्या पोराला एवढं उत्तर पुरत नाही. त्याला चित्र हवं. आईच्या मांडीचं, बापाच्या खांद्याचं, दूर गेलेलं माणूस आपल्याला विसरत नाही हे डोळ्यांनी बघता येईल असं. अशी पुस्तकं मराठीत आहेत. माधुरी पुरंदरे यांनी 'राधाचं घर'मध्ये घरातलं एकेक माणूस लेकराच्या नजरेतून उभं केलं, 'बाबाच्या मिशा'मध्ये बापावरची माया मिशांत आणून ठेवली. पण कितीतरी शाळांत अशी पुस्तकं लोखंडी कपाटात कुलपाआड वाळवीची वाट बघत पडून असतात. कुंभार पिंपळगाव आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ती बाहेर काढा.

किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांची भीती मला कळते. पुस्तक फाटलं तर नोंदवहीत काय लिहायचं? पण फाटलेल्या पुस्तकाचं निर्लेखन करता येतं. लेकराचं पाचवं वर्ष मात्र परत येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं असलीच पाहिजेत असं सांगितलं, ते कपाट भरून ठेवण्यासाठी नव्हे.

कुणी म्हणेल, माय-बापाला वाचता येत नाही, पुस्तक काय कामाचं? चित्रांच्या पुस्तकाची खरी ताकद इथंच आहे. अक्षर न येणारी आई चित्रावर बोट ठेवून आपल्या बोलीत गोष्ट रचते. ती गोष्ट त्या लेकराची एकट्याची असते, आणि पुढं आई शेकडो मैल दूर फडात असली तरी तेच पान उघडलं की तिचा आवाज आठवतो. कॅनडाचे लेखक रॉबर्ट मुन्श यांची दोन बाळं जन्माआधीच गेली. त्या दुःखातून मनात आलेल्या एका गाण्याभोवती त्यांनी आई-मुलाच्या न संपणाऱ्या मायेची गोष्ट रचली आणि 1986 साली तिचं चित्रपुस्तक झालं. आपल्याकडे साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, तेव्हा त्यांची आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. माया माणसाच्या माघारी पुस्तकात टिकते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून यंदा टोळ्या निघायच्या आधी जाणाऱ्या आयांना एक दुपार शाळेत बोलवा. लेकरू मांडीवर, पुस्तक पुढ्यात. तिनं सांगितलेली गोष्ट फोनवर रेकॉर्ड करा आणि आजी किंवा शेजारच्या काकाच्या फोनवर पाठवून ठेवा. पुस्तकं कमी पडली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा फुकट मिळतात आणि त्या छापून घ्यायलाही मोकळीक आहे. बाजाराच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढा, लॅमिनेशन करा. सुटलेली पानं शिवायला मोठी मुलं आहेत, सुई-दोरा घरोघरी आहे. गावातून पुण्या-संभाजीनगरला नोकरीला गेलेल्यांनो, दिवाळीला येताना मिठाईबरोबर दोन चित्रपुस्तकं आणा आणि थेट पोरांच्या हातात द्या.

आणि कोपीवर निघालेल्या लेकराच्या बोचक्यात भाकरीच्या फडक्याशेजारी एक पुस्तक बांधा. परत येईल तेव्हा त्याची पानं चिखलानं आणि पाचटानं माखलेली असतील. असू द्या. तसंच ते कपाटात ठेवा, सगळ्यात वर, आणि कुलूप लावू नका.