रिकाम्या नकाशाचा अर्थ

१८२० पासून अमेरिकेत कोणत्या मुलुखातून किती माणसे वस्तीस आली, हे हलत्या ठिपक्यांनी दाखविणारे नकाशे आता संगणकाच्या पडद्यावर सहज पाहावयास मिळतात. आणि बटाट्याच्या पिकावर रोग पडून उपासमारीने गांजलेल्या आयर्लंडातून १८४५ नंतर उसळलेला लोंढा, त्याच्या जोडीने जर्मनांचा, व पुढे शतक पालटताना इटली आणि रशियाकडून लोटलेला महापूर असा दोन-चार मिनिटांत डोळ्यांपुढून वाहू लागला म्हणजे, जे सरकारी दप्तरातील कोष्टकांना कधी साधले नाही ते या चित्राने साधले, हे मान्य करावेच लागते. १९०७ या एका वर्षी सुमारे १२ लाख ८५ हजार माणसे तेथे दाखल झाली, हे वाचून जे कळते त्याहून कितीतरी अधिक ते ठिपके अटलांटिक ओलांडताना पाहून कळते.

परंतु ठिपका दप्तराचा ताबेदार असतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतची सुमारे वीस वर्षे पोलंडचा माणूस तेथे रशियन, जर्मन वा ऑस्ट्रियन म्हणूनच मोजला गेला. आणि चार पैसे गाठीस बांधून मायदेशी परतणाऱ्या असंख्य इटालियनांची पद्धतशीर नोंद १९०८ पूर्वी होतच नसल्यामुळे, त्यांचे ठिपके जातात ते जातातच.

याहून मला सलतो तो नकाशातील रिकामेपणा. १९६५ पूर्वीचा हिंदुस्थान तेथे जवळजवळ निश्चल दिसतो, आणि आमच्या लोकांना समुद्रापार जाण्याची उमेदच नव्हती असा ग्रह पाहणाऱ्याचा होतो. वस्तुतः १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणाऱ्या अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या फार मोठ्या भूभागालाच मज्जाव केला होता. १९४६ साली हिंदी लोकांपुरता तो उठला तेव्हा त्यांच्या वाट्याला जागा आल्या त्या वर्षाला अवघ्या शंभर. एक ठिपका म्हणजे दहा हजार माणसे असे प्रमाण धरले, तर त्या मुभेने आमचा एक ठिपका उमटावयास शंभर वर्षे लागली असती! आज न्यू जर्सीत गणेशोत्सव करणाऱ्या मराठी कुटुंबांचा प्रवाह सुरू झाला, तो १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार वाटणी रद्द केल्यानंतर.

म्हणून अशा नकाशात माणसांबरोबर कायदेही दिसले पाहिजेत. १९१७ साल येताच त्या निषिद्ध भूभागाभोवती ठळक रेषा उमटावी, १९४६ साली ती किंचित फिकट व्हावी, आणि १९६५ चा कायदा अमलात येईपर्यंत ती पाहणाऱ्याच्या नजरेसमोरून हलू नये.