प्रार्थनेतले टोमणे

मैत्रिणींनो, दिवेलागणीला तुमच्या घरी काय असतं? कुणाकडे मुलं शुभंकरोति म्हणत असतील, कुणाकडे हरिपाठ, कुणाकडे नमाज. आम्ही मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे रात्री साडेआठला, पानं घेण्याआधी, कौटुंबिक प्रार्थना असते. एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा, मग एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. फार तर पंधरा मिनिटं. सासूबाई सांगतात, त्या ह्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आजेसासूबाईसुद्धा अशाच भिंतीला टेकून गीत म्हणायच्या. म्हणजे चार पिढ्यांची रीत झाली.

ह्या रीतीत गेल्या पावसाळ्यात एक दिवस भडका उडाला, आणि तो मीच उडवला.

त्या दिवशी आमच्या थोरलीचा चाचणीचा निकाल लागला होता. गणितात कसेबसे पास होण्याइतके गुण! थोरली तेरा वर्षांची. मी स्वतः शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, तेव्हा दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासायच्या आणि घरच्या मुलीचे हे गुण पाहायचे, म्हणजे डोकं तापणारच. पण तिला काही बोलले नाही. पोळ्या केल्या, धाकट्याचा गृहपाठ घेतला. मग प्रार्थनेला बसलो. पाळी माझी होती. डोळे मिटले आणि सुरू केलं. ‘हे देवा, आमच्या थोरलीला सुबुद्धी दे. तिचं लक्ष मोबाईलमधून काढून अभ्यासाला लाव. आईबाप तिच्यासाठी किती राबतात हे तिला कळू दे. मोठ्यांना उलट उत्तरं देण्याची तिची सवय...’

आमेन म्हणायच्या आतच ती उठली.

“आई, तू देवाशी बोलतेयस की माझ्याशी? माझ्याशी बोलायचं असेल तर डोळे उघडून बोल ना!”

आणि ती आत निघून गेली. ह्यांनी कसंबसं आमेन म्हटलं. धाकटा मात्र हसू दाबत होता. सासूबाईंचा चेहरा पडला. “चार पिढ्यांत प्रार्थनेतून कुणी उठून गेलं नव्हतं,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या रात्री भात तसाच पातेल्यात उरला.

दुसऱ्या दिवसापासून थोरली प्रार्थनेला येईनाशी झाली. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिलं. “आजीला किती वाईट वाटतं बघ,” असंही म्हणून पाहिलं. रविवारी आमच्याबरोबर गुरुवार पेठेतल्या पंचहौदाच्या देवळात यायची, पण मुकाट्यानं बसून परत यायची. मला आतून भीती वाटायला लागली. पोरगी माझ्या हातून सुटली की काय? चार पिढ्या चालत आलेली गोष्ट माझ्याच पदराशी येऊन संपणार की काय?

खरं सांगू? मला तिच्या बोलण्याचा राग आला, तो ती खोटं बोलली म्हणून नव्हे. ती खरं बोलली होती म्हणून आला. तिला जे तोंडावर सांगायचा मला धीर नव्हता, ते मी देवाच्या आडून तिला ऐकवत होते. तोंडावर बोलले असते तर तिनं उत्तर दिलं असतं. प्रार्थनेत कोण उत्तर देणार? अहो, सासूनं सुनेला ऐकवण्यासाठी मोलकरणीला बोलावं, तसलाच हा प्रकार! फक्त मधे देवाला उभं केलं होतं. तुमच्याकडेही उदबत्ती ओवाळताना “बाबा रे, ह्याला जरा अक्कल दे” असं मुलाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं जात असेल, नाही का?

ह्या दिवसांत मला पंडिता रमाबाईंची फार आठवण झाली. रमाबाई आपल्या पुण्याशी फार जवळून जोडलेल्या. त्यांनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. त्या आधी, १८८३ साली इंग्लंडमध्ये, त्यांनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला होता. पण शारदासदनात नियम असा, की प्रत्येक मुलीनं आपापला धर्म पाळावा, कुणावर सक्ती नाही. रमाबाई स्वतः मात्र रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं. हळूहळू काही मुली आपण होऊन त्या दारातून आत जाऊन बसायला लागल्या. त्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं! १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आई म्हणून मला त्या पालकांची धास्तीही कळते हं. आपली लेक आपल्यापासून तुटेल, ही भीती कुठल्याही धर्मातल्या आईला सारखीच.

पण मी विचार करत होते तो वेगळा. प्रभू येशूनं, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घे असं सांगितलंय. मग रमाबाईंनी दार उघडं का ठेवलं असेल? मला वाटतं, दाराला महत्त्व नाही. प्रार्थना कुणाला ऐकवण्यासाठी नसावी, एवढंच महत्त्वाचं. मनोरमा त्या वेळी बारा वर्षांची, म्हणजे माझ्या थोरलीपेक्षा जेमतेम एका वर्षानं लहान. ती आईजवळ बसून आईची प्रार्थना ऐकत होती. आणि मी? सगळ्यांना रांगेनं बसवून, डोळे मिटून, एकट्या पोरीला ऐकवत होते!

मग मला माझी आई आठवली. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. वडील प्राथमिक शिक्षक, घर दोन खोल्यांचं. आई पहाटे पाचला उठायची. स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायची आणि ते उकळेपर्यंत पाटावर बसून हलक्या आवाजात प्रार्थना करायची. आम्ही भावंडं झोपलोय असं तिला वाटायचं. मी पुष्कळदा जागी असायची. एकदा ती म्हणत होती, “देवा, काल मी जाऊबाईंना टाकून बोलले. चूक त्यांचीही होती, पण माझी जास्त. मला आज त्यांच्या दारात जायचा धीर दे.” मी गोधडीत शिरून ऐकत होते. आणि त्या दिवशी दुपारी आई खरोखरच वाटीत शेंगदाण्याची चटणी घेऊन काकूंच्या दारात गेली! मी तिच्या मागे मागे होते. काकूंनी वाटी घेतली, आईला बस म्हटलं.

मैत्रिणींनो, मी रविवारच्या शाळेत पुष्कळ वचनं पाठ केली, बक्षिसंही मिळवली. पण देव आहे असं मला वाटायला लागलं, ते त्या चटणीच्या वाटीपासून. पहाटे जे मागितलं ते दुपारी आईच्या पायांत आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आईनं ते मला दाखवण्यासाठी केलं नव्हतं.

मी ठरवलं, आपणही पहाटे बसायचं. ओट्याशी चहा ठेवला आणि स्टुलावर बसले. मैत्रिणींनो, सांगायला लाज वाटते, पण पहिले चार दिवस मला काही बोलायलाच सुचेना! मुलांसाठी, ह्यांच्या प्रकृतीसाठी, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मागून झालं, की पुढे सगळं कोरं. स्वतःविषयी देवाशी बोलून मला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. पाचव्या दिवशी मात्र तोंडून निघालं, “देवा, आठ वर्षं मी अर्धवेळच आहे. माझ्यामागून आलेल्या कायम झाल्या. माझ्या पोटात त्याचं विष साचलंय, आणि ते मी पोरीच्या गणितावर ओततेय.” एवढं बोलले आणि रडू आलं. चहा उतू गेला तरी कळलं नाही.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. एका पहाटे थोरली पाणी प्यायला उठली. मला वाटलं, पिऊन परत गेली. डोळे उघडून बघते, तर ही फ्रीजला टेकून उभी!

“तू माझ्यासाठी काहीच नाही मागितलंस?” तिनं विचारलं.

“मागितलं. पण ते आता तुझ्यासमोर मोठ्यानं म्हणायचं नाही असं ठरवलंय.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तू कायम का नाही झालीस, हे मला कधी सांगितलंच नाहीस.” त्या दिवशी आम्ही दोघींनी पहिल्यांदा एकत्र चहा घेतला. गणिताबद्दलही बोललो. डोळे उघडे ठेवून!

आता तुम्ही विचाराल, मुलगी पुन्हा प्रार्थनेला बसायला लागली का? कधी बसते, कधी नाही. बसली की गीत ती निवडते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं अभंग-ओवीच्या चालीची, ती तिला आवडतात. पण प्रश्नही विचारते, आणि असे, की मला पाळकांना विचारावं लागतं. उद्या ती काय ठरवील, मला ठाऊक नाही. ते ठाऊक नसताना शांत बसणं फार अवघड जातं.

अशा वेळी मी टिळकांच्याच घराकडे बघते. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्यासोबत राहायला आल्या, तरी आपलं सोवळंओवळं सांभाळूनच राहत होत्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, त्यांच्या स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं! नवऱ्यानं घाई केली असती तर हे झालं असतं का?

आणि रमाबाईंच्या आईकडे बघते. लक्ष्मीबाई डोंगरे त्यांचं नाव. त्या लहानग्या रमेला पहाटे उठवायच्या, जवळ घ्यायच्या आणि संस्कृत श्लोक शिकवायच्या. हाती पुस्तक नसायचं. आईनं म्हणायचं आणि लेकीनं मागून म्हणायचं. ती माउली हिंदू धर्मातच जगली आणि १८७४ साली, दुष्काळाच्या हालांत, गेली. लेकीनं पुढे वेगळी वाट धरली. पण १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं आपलं प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक रमाबाईंनी अर्पण केलं ते आईलाच. पुढे दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. मनोरमा, त्यांचा उजवा हात, १९२१ च्या जुलैत गेली. ते दुःख उरात घेऊन त्यांनी काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. पहाटे मांडीवर बसवून लावलेली अक्षरांची गोडी वाया गेली, असं कोण म्हणेल?

तेव्हा मी माझ्यापुरतं काही ठरवलंय, तुम्हांला पटलं तर बघा. घरच्या प्रार्थनेत मुलांच्या चुकांचा पाढा वाचायचा नाही. चूक दाखवायची ती वेगळी, एकटीला घेऊन आणि जेवण झाल्यावर, कारण उपाशी पोटी कुणालाच उपदेश गोड लागत नाही. प्रार्थनेत स्वतःची चूक सांगायची, आणि जे मागितलं त्यासाठी दुसऱ्या दिवशी आपण हातपाय हलवायचे. वेळ दहा मिनिटं पुरे. आणि दिवसातली एक वेळ अशी ठेवायची, की आपण एकट्या देवासमोर बसलोय, आणि घरातल्या कुणी पाहिलंच तर लपवायचं नाही.

सासूबाईंना हे सगळं पटलंय असं नाही. पण परवा त्यांची पाळी होती. नेहमी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या सासूबाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “देवा, ह्या घरात मी फार बोलते. मला थोडं ऐकायला शिकव.” थोरलीनं डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. मी काही आपले डोळे उघडले नाहीत बरं का! पण ती बघतेय, हे मला कळलं कसं, ते मात्र विचारू नका.