फाटकाच्या अलीकडे

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यातल्या एका सकाळी मी रिक्षावाल्याला मनोरुग्णालयाच्या फाटकाच्या बरंच अलीकडे थांबायला सांगितलं. पाऊस कोसळत होता. शेजारी माझी नववीतली लेक बसली होती. दोन महिने ती धड जेवत नव्हती, रात्र रात्र जागी असायची, शाळेचं नाव काढलं की तिचं पोट दुखायचं. पोटाची औषधं झाली, दृष्ट काढून झाली, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून झालं. अखेर नेहमीच्या डॉक्टरांनी इथली चिठ्ठी लिहून दिली. छत्री उघडता उघडता लेकीनं विचारलं, "बाबा, रिक्षा आत का नाही नेली?" आत वळायला जागा नसते, असं काहीतरी मी बोललो. ओळखीचं कुणी पाहील, हे खरं कारण तिला न सांगताच कळलं होतं.

हे तिच्या परवानगीनं लिहितो आहे. या अंकाचा विषय 'मुलांचं मन' ठरला, तेव्हा सुरुवात दुसऱ्या कुणाच्या घरापासून करणं मला जमेना.

रत्नागिरीचं हे मनोरुग्णालय 1886 पासूनचं. राज्यात अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, पुणे, नागपूर आणि आपलं. एवढी मोठी सोय दाराशी असून आपण तिचा उपयोग मुख्यतः चिडवण्यासाठी केला. कुणी जरा वेगळं वागलं की त्याला तिकडे 'दाखल करा' असं आपण हसत म्हणतो आणि घरातलं पोर ते लहानपणापासून ऐकतं. तेच पोर चौदाव्या वर्षी, आपल्याला आतून कसंतरी होतंय, हे कुणाला सांगणार?

आत बाकं होती, केसपेपरची रांग होती, कुठल्याही सरकारी दवाखान्यासारखीच. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि बराच वेळ लेकीशी एकटीशी बोलले. तिला नापास होण्याची भीती नव्हती. तिची भीती वेगळी होती: ऐंशीच्या खाली गुण आले, तर बाबा माझ्याशी बोलणार नाही. आठवीच्या निकालानंतर मी चार दिवस गप्प होतो. तिला ओरडलो नाही, याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं. ते चार दिवस तिनं तेव्हापासून उरात बाळगले होते.

आपला जिल्हा निकालाचा जिल्हा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकण मंडळ वेगळं झालं, 2012 पासून त्याचे निकाल लागू लागले आणि तेव्हापासून आपण राज्यात पहिले आहोत. 2025 मध्ये दहावीला राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला, कोकणाचा 98.82. बारावीला राज्याचा 91.88, आपला 96.74. याचा अभिमान मलाही आहे. मुलं राबतात, शिक्षक राबतात, आया पहाटे उठून डबे करतात. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे नापास झालेल्या पोराला सोबत उरत नाही. दुसरीकडे वर्गात दहाजण राहिले तर ते एकमेकांच्या खांद्यावर हात तरी टाकतात. आपल्याकडे अख्ख्या वाडीत एकटाच राहतो. दुपारी एकला निकाल लागला की दीडपर्यंत ते सगळ्या वाडीला ठाऊक झालेलं असतं आणि मुंबईहून चाकरमानी काकांचा फोन येतो: "किती पडले?" तू कसा आहेस, हा प्रश्न त्या फोनवर क्वचितच असतो. पासष्ट टक्के मिळवून पास झालेलं पोरसुद्धा त्या दुपारी घराच्या मागल्या दारानं माडांच्या बागेत निघून जातं, हे मी पाहिलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत एक तरी प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडायचे. हे वाचून मला आनंद झाला आणि लगेच आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा डोळ्यांपुढे आल्या. कुठे पट वीसचा, कुठे आठचा. म्हणजे आपल्या कितीतरी मुलांसाठी ते 'बाहेरचे तज्ज्ञ' याच फाटकाच्या आत बसलेले असणार. तिथवर मुलाला आणायचं तर आधी पालकांची लाज उतरायला हवी. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून 'टेली-मानस' आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. अंकाच्या मलपृष्ठावर तो मोठ्या अक्षरांत छापला आहे.

मूल वाढवण्याचा विषय निघाला की आपण जिल्ह्याबाहेरच्यांना अभिमानानं पालगडचं नाव सांगतो. साने गुरुजी तिथले. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिलं. घराघरांत ते आईसाठी वाचलं जातं. मला अलीकडे त्यातला श्याम जास्त दिसतो. बेचाळीस रात्रींच्या त्या आठवणींत मोठा झालेला श्याम जमलेल्यांना स्वतःच्या चुका सांगत बसतो. पोहायला घाबरून लपलो होतो हे सांगतो, पैसे चोरले होते हे सांगतो. आपण मुलांना श्यामसारखं व्हा म्हणतो आणि स्वतःबद्दल मात्र फक्त पारितोषिकांच्या गोष्टी सांगतो.

याच गुरुजींनी 11 जून 1950 रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. मुलांपुढे आपण ते बोलत नाही. भाषणात जन्मगाव येतं, पुस्तक येतं आणि पुढे गप्पगप्प. इतकं प्रेमळ माणूससुद्धा आतून असं खचू शकतं, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शांतपणे सांगायला हवं असं मला वाटतं. खचणं हा वाईट माणसाचा किंवा कमकुवत माणसाचा दोष नाही, हे त्यांना आणखी कुठून कळणार? आणि खचलेल्या माणसाला वेळेवर मदत मिळू शकते, हेही त्याच बैठकीत सांगायचं.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना मी लेकीला माझ्या बारावीबद्दल सांगितलं. मी गणितात राहिलो होतो. ऑक्टोबरला पुन्हा बसून सुटलो. घरात आईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर बायकोलाही मी बोललो नव्हतो. लेक थोडा वेळ रिक्षाच्या पडद्यावरून ओघळणारं पाणी बघत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा आजोबा बोलले तुझ्याशी?" नाही, म्हटलं. बरेच दिवस नाही. तिनं माझा हात धरला. घरी पोचेपर्यंत दोघांपैकी कुणी काही बोललं नाही, पण ते गप्प बसणं आधीच्या चार दिवसांसारखं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं होतं. पाऊस उघडला होता. फाटक जवळ आलं तशी रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, कुठे घेऊ? "आत," लेक म्हणाली.