तीन गोळ्यांचा पुरावा

ऑफिसात कोणी तीनदा प्रोग्रॅम चालवून "माझा कोड तुझ्यापेक्षा वीस टक्के फास्ट आहे" असं जाहीर केलं, तर चहाच्या टेबलावर त्याची सालं काढली जातील. पण हाच माणूस शनिवारी रायफल रेंजवर गेला की तीन गोळ्या झाडतो, कागदावरची भोकं मोजतो आणि "सापडला, हाच माझा लोड!" म्हणून खूश होतो. इथे अमेरिकेत हॅंडलोडिंग करणाऱ्या इंजिनियर मंडळींशी माझा वाद आहे तो एवढाच.

आधी हॅंडलोडिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे हा छंद जवळजवळ नाहीच. (परवान्याशिवाय काडतूस बनवणं भारतात गुन्हा आहे.) काडतुसाचे भाग चार: पितळी केस, तळाशी प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी गोळी. एकदा झाडल्यावर केस शिल्लक राहते, ती साफ करून, मापात आणून पुन्हा भरता येते. कारखान्यातून आलेल्या टार्गेट रायफलचं बॅरल आणि चेंबर आहे तसं घ्यावं लागतं, त्यामुळे माणूस काडतूसच रायफलला मानवेल असं बनवायला बघतो. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, आणि ही मंडळी त्याच्याही दहाव्या भागापर्यंत वजन करतात. चिकाटीला सलाम!

गडबड होते ती पुढे. लोडिंग मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून थोडी थोडी पावडर वाढवत दहा वेगवेगळे लोड बनवायचे, प्रत्येकाच्या तीन गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत लहान ग्रुप आला तो लोड विजेता. क्रेटन ऑडेटच्या नावाने ओळखली जाणारी 'लॅडर टेस्ट' तर एकेका मापाच्या एकेका गोळीवर चालते.

आता गणित बघा. समजा दहाही लोड अगदी सारखेच आहेत, पावडरच्या फरकाचा अचूकतेवर शून्य परिणाम होतो, आणि शंभर यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंचाचा येतो. हे लॅपटॉपवर हजारो वेळा चालवून बघता येतं, वीस ओळींचा कोड पुरतो. दहा ग्रुपांतला सर्वांत लहान साधारण अर्ध्या इंचाचा निघतो आणि सर्वांत मोठा दीड इंचाच्या वर. म्हणजे काहीही फरक नसताना 'विजेता' आणि 'पराभूत' यांच्यात तिप्पट अंतर दिसतं! त्याच रायफलने दहा गोळ्यांचा ग्रुप झाडला तर तो सरासरी दीड इंचापेक्षा थोडा मोठाच येणार. मग "काल तर अर्ध्या इंचाचा आला होता" म्हणत माणूस हवेला, स्कोपला, स्वतःच्या खांद्याला दोष देत बसतो.

वेगाचंही तेच. २०२३ साली गार्मिनचा झेरो हा छोटा क्रोनोग्राफ आला आणि गोळीचा वेग मोजणं फारच सोपं झालं. पण पाच गोळ्यांवरून वेगाचं स्टॅंडर्ड डेव्हिएशन १० फूट प्रतिसेकंद आलं, तर खरं डेव्हिएशन ६ ते २९ यांच्यात कुठेही असू शकतं. यंत्र कितीही अचूक असलं तरी नमुना छोटा तो छोटाच.

यावर हमखास येणारा युक्तिवाद: "अहो, पण लोक याच पद्धतीने मॅचेस जिंकतात." जिंकतात ना! कारण चांगली केस, चांगली मॅच बुलेट आणि योग्य पावडर घेतली की समजूतदार मर्यादेतला जवळजवळ कुठलाही लोड चांगलाच चालतो. श्रेय मात्र शेवटच्या ०.२ ग्रेनला मिळतं. नवस केला आणि पाऊस पडला, तशातली गोष्ट.

हे निव्वळ पांडित्य नाही, यात खरं नुकसान आहे. ६.५ क्रीडमूरचं बॅरल साधारण दोन-अडीच हजार गोळ्यांत आपली धार गमावतं. त्यातल्या दोनशे गोळ्या नाणेफेकीत गेल्या तर त्या परत येत नाहीत. दुसरं नुकसान सुरक्षिततेचं. .३०८ विंचेस्टरची कमाल दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे (गाडीच्या टायरमध्ये तीसेक असतात). नशिबाने लहान आलेल्या ग्रुपच्या मागे लागून ती ओलांडण्याचा मोह होणं हा पोरखेळ नाही.

तिसरं नुकसान मला सर्वांत मोठं वाटतं. एफ-क्लासच्या मॅचमध्ये हजार यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून जेमतेम पाच इंच. तिथे .३०८ ची नेहमीची मॅच गोळी ताशी एका मैलाच्या आडव्या वाऱ्याने साधारण आठ-दहा इंच सरकते. म्हणजे वाऱ्याचा अंदाज एका मैलाने चुकला की तुमचा तो 'सापडलेला' लोड वर्तुळाबाहेर. खरा खेळ तिकडे आहे आणि आपण तराजूपाशी बसलोय.

मग करावं काय? आधी मोठे प्रश्न विचारावेत: कुठली गोळी, कुठली पावडर. तिथले फरक बऱ्याचदा मोठे असतात आणि म्हणून दिसतातही. तुलनेला कारखान्यातलं चांगलं मॅच काडतूस ठेवावं. प्रत्येकी निदान वीस गोळ्या झाडाव्यात, आणि फक्त टोकाची दोन भोकं न मोजता प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर काढून सरासरी घ्यावी. तरीही दहा-बारा टक्क्यांचा घोळ राहतोच, पण तीन गोळ्यांच्या ग्रुपात तो सदतीस टक्क्यांच्या आसपास असतो. फरक दिसला नाही तर तो नाही असं समजून कमी दाबाचा लोड घ्यावा, आणि उरलेलं बॅरल वारा शिकण्यात घालवावं.

पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्रॉंझ मिळवलं. त्या प्रकारातली .२२ काडतुसं घरी भरताच येत नाहीत, कारण प्रायमरचं रसायन केसच्या कडेतच असतं. त्या पातळीवरचे नेमबाज मग वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून झाडून बघतात, जमेल तो लॉट साठवून ठेवतात आणि सरावाला लागतात. दहाचं वर्तुळ तिथे १०.४ मिलीमीटरचं असतं, तरीही चालतं.

असो. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी वाद घालायला मी कधीही तयार आहे. फक्त येताना वीस गोळ्यांचा ग्रुप घेऊन या. :-)