शिळ्या भविष्याचा शोक

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हळहळण्याचीं निमित्तें पूर्वीं ठराविक असत. वाडा पडला, विहीर बुजली, आजीची पैठणी विरली, कीं माणसें हळहळत. आणि त्या हळहळींत लटकें असें कांहीं नसे. अलीकडे या यादींत एका नव्या शोकाची भर पडली आहे. मुलगा कॅलिफोर्नियांत असतो. त्याच्याकडे सहा महिने राहून आलेले आईबाप नातवंडांबरोबर डिस्नीलँड पाहून येतात आणि नंदुरबारास परत आल्यावर दिवाणखान्यांत बसून सांगतात कीं, तेथील ‘टुमॉरोलँड’ आतां पूर्वींचें राहिलें नाहीं! पूर्वींचें यांनीं पाहिलेलें नसतें. मुलानें सांगितलेलें असतें, व मुलानें तें दुसऱ्या कोणाच्या आठवणींत वाचलेलें असतें. परंतु उसासा मात्र अस्सल असतो. गेलेल्या काळाचा शोक आम्हांस समजतो. न आलेल्या काळाचा शोक ही गोष्ट मराठी व्याकरणाला नवी आहे.

ही केवळ प्रवासी मंडळींची हौस असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. पण हा शोक आतां अभिरुचीचें लक्षण मानला जाऊं लागला आहे. जुन्या प्रदर्शनांतील रुपेरी यानें, कांचेचे घुमट, आपोआप चालणाऱ्या गाड्या यांचीं चित्रें पाहून ‘काय तें भविष्य होतें!’ असें म्हणणारा तरुण आम्हांस दर वर्षीं वर्गांत भेटतो. हा शोक निरुपद्रवी नाहीं, आणि ज्या जिल्ह्यांत आम्ही राहतों त्या जिल्ह्यांत तर तो शोभतहि नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम ज्या जागेसाठीं अश्रु ढाळले जातात तिची हकीकत पाहूं. १९५५ सालच्या जुलै महिन्यांत वॉल्ट डिस्ने यांनीं अनाहाइम येथें आपलें उद्यान उघडलें. त्यांत ‘उद्यांची भूमि’ म्हणून जो भाग होता, तोच वेळ आणि पैसा अपुरा पडल्यामुळें सर्वांत अर्धवट राहिला होता. उणीव झांकण्यासाठीं तेथें पताका आणि फुगे लावावे लागले. दाखवावयाचें जग १९८६ सालचें. रिकामी जागा भरण्यासाठीं कंपन्यांना बोलावण्यांत आलें. मोन्सॅंटोनें रसायनांचें दालन मांडलें, कैसर कंपनीनें ॲल्युमिनियमची महती गायिली, आणि नळ-नान्हाण्यांचें सामान विकणाऱ्या क्रेन कंपनीनें ‘उद्यांचें स्नानगृह’ उभारलें. मानवजातीच्या भवितव्याचें दर्शन घेण्यास आलेला यात्रेकरू न्हाणीघर पाहून परत जाई. १९५७ सालीं मोन्सॅंटोनेंच प्लॅस्टिकचें एक घर बांधलें: मधोमध एक गाभा, त्यावर तोललेले चार पंख, आणि आंत लहरींवर अन्न शिजविणारी चूल. दहा वर्षांत तें शिळें झालें. पाडूं गेले तेव्हां लोखंडी गोळा त्याच्या भिंतींवरून उसळून परत येऊं लागला, आणि तें घर करवतींनीं कापून काढण्यास दोन आठवडे लागले.

चंद्राकडे जाणाऱ्या यानाची कथा याहून बोलकी आहे. १९६९ सालीं माणूस खरोखरच चंद्रावर उतरला आणि त्या खेळांतील राम गेला. मग १९७५ सालीं पाटी बदलून तेंच यान मंगळाकडे वळविण्यांत आलें! १९६७ सालीं आणलेली संथ गाडी १९९५ पर्यंत चालली. तिच्याच मार्गावर १९९८ सालीं वेगवान गाडी सोडली, ती दोन-तीन वर्षांत बंद पडली, आणि मार्गाचे खांब पुढें कैक वर्षें रिकामेच उभे राहिले. त्याच १९९८ सालीं मालकांनीं एक मजेदार निश्चय केला. उद्यांचें चित्र काढावें तर तें रंग वाळण्यापूर्वींच जुनें होतें. तेव्हां जूल व्हर्नच्या काळच्या माणसांना उद्यां कसा दिसत असे तें दाखवावें, असें ठरवून सारा भाग सोनेरी-तपकिरी रंगांत रंगविण्यांत आला. पॅरिसजवळच्या उद्यानांत तर १९९२ सालीं आरंभापासूनच व्हर्नची कांस धरली होती. म्हणजे, भविष्याचा माल संपला असून आतां त्याची आठवण तेवढी विक्रीस आहे, हें दुकानदारानें स्वतःच पाटीवर लिहून टाकलें. गिऱ्हाइकें मात्र अजून रडत आहेत.

यावर आमचे प्रतिपक्षी म्हणतील कीं, शोक त्या यंत्रांचा नाहीं. त्यांच्या मागें जो आत्मविश्वास होता त्याचा आहे. माणसाला उद्यांबद्दल उमेद वाटत असे. आज वाटते ती धास्ती. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं, आणि तो घेणारांत आमचे कांहीं जुने सहाध्यायी आहेत म्हणून तर तो आम्ही अधिकच गंभीरपणें घेतों. पण उमेद आणि जाहिरात यांत फरक करण्याची संवय आम्हां सुशिक्षितांची सुटली आहे. मुंबईस वरळीला १९७७ सालीं नेहरू तारांगण झालें व १९८५ सालीं नेहरू विज्ञान केंद्र उघडलें. तीं पाहून आलेल्या मुलाला तारे कोठें आहेत आणि तरफ कशी उचलते हें कळतें. हें ज्ञान शिळें होत नाहीं. उद्यानांतील ‘उद्यां’ मुलाला कांहीं शिकवीत नव्हता. तो त्याला फक्त सांगत होता कीं, तूं स्वस्थ बैस, कंपनी सर्व करील.

स्वस्थ बसविण्याची ही कला डिस्ने यांचीहि नव्हे. १९३९ सालच्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत जनरल मोटर्सनें ‘फ्यूचरामा’ नांवाचा देखावा केला होता. नॉर्मन बेल गेडिस यांनीं त्याची रचना केली. प्रेक्षकांना सरकत्या खुर्च्यांत बसवून १९६० सालच्या अमेरिकेवरून, जणूं विमानांतून, फिरवून आणीत. आणि बाहेर पडतांना, भविष्य पाहिल्याचा बिल्ला छातीवर लावीत. खालीं रुंद रस्ते, ठेंगणीं झाडें, मुंगीएवढ्या मोटारी. रस्ता कोणाच्या शेतांतून गेला, हें एवढ्या उंचीवरून दिसत नाहीं. दिसूं नये म्हणूनच खुर्ची उंच टांगलेली असते.

आतां आमच्या जिल्ह्याकडे येऊं, कारण भविष्याचे देखावे मांडण्यांत नंदुरबार अनाहाइमला हार जाणारें नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें येथील शेंकडा ६९ लोक आदिवासी. मानवविकासाच्या राज्याच्या अहवालांत शेवटचा क्रमांक आमचाच. २०१८ सालीं दिल्लीनें आम्हांस ‘आकांक्षित जिल्हा’ ही पदवी दिली. मागासलेला हा शब्द अपमानाचा होता; पण त्यांत वर्तमानकाळ तरी होता. ‘आकांक्षित’ या शब्दानें अख्खा जिल्हाच भविष्यकाळांत ढकलला गेला आहे.

२९ सप्टेंबर २०१० रोजीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितींत याच जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं देशांतले पहिले ‘आधार’ क्रमांक देण्यांत आले. त्या दिवसापुरतें टेंभली हीच उद्यांची भूमि होती. बारा आंकड्यांचा तो क्रमांक पुढें शंभर कोटींवर माणसांना मिळाला. तो वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं सरकारी साहाय्याच्या कामीं तो ग्राह्य धरला, आणि बँकेच्या खात्याला व दूरध्वनीला त्याची सक्ति रद्द केली, तेंहि योग्यच झालें. पण ऊंस तोडून व दगड फोडून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा ठसा यंत्राला ओळखूं येत नाहीं. आणि या जिल्ह्यांतून दिवाळीनंतर गुजराथेंत मजुरीस जाणाऱ्या टोळ्यांना क्रमांक मिळाल्यानें घरच्या घरीं काम मिळालें असेंहि झालें नाहीं. वार्ताहर मात्र वर्षश्राद्धाला जावें तसे टेंभलीस जाऊन येतात, आणि ‘पहिलें गांव आज कोमेजलें’ अशा अर्थाचा करुण मजकूर छापतात. हीच ती टुमॉरोलँडी हळहळ! गांव कोमेजलें नाहीं. तें होतें तसेंच आहे. कोमेजला तो मांडव. मांडवासाठीं रडणें आणि गांवासाठीं रागावणें यांत जो भेद आहे तोच आम्ही दाखवूं इच्छितों.

सातपुड्यापलीकडची गोष्ट याहून कठोर आहे. ५ एप्रिल १९६१ रोजीं पंडित नेहरूंनीं नर्मदेच्या धरणाची कोनशिला बसविली. तेव्हांचें तें भविष्य खरोखर उमेदीचें होतें, हें मान्य करण्यास आम्हांस संकोच नाहीं. गुजराथच्या तहानलेल्या भागास पाणी मिळालें, हेंहि मान्य. परंतु महाराष्ट्राच्या वांट्यास मुख्यतः विजेचा शेंकडा २७ हिस्सा आला, आणि पाण्याखालीं जाण्यास अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें लागलीं. मणिबेली हें त्यांतलें पहिल्या फळीचें गांव. तेथील शूलपाणेश्वराचें प्राचीन देऊळहि बुडालें, व देवासाठीं गोरा येथें नवें मंदिर झालें. माणसांसाठीं तळोदें तालुक्यांत रोझवा, रेवानगर अशा वसाहती झाल्या. देवाला जागा मिळण्यास जेवढा वेळ लागला त्याहून माणसांना पुष्कळच अधिक लागला, हें सांगावयास नकोच. २०१७ सालीं दरवाजे बंद झाले, आणि २०१९ सालच्या सप्टेंबरांत पाणी प्रथमच १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीस पोहोंचलें.

आणि त्या धरणाच्या पायथ्याशीं आज काय आहे? २०१८ सालच्या ३१ ऑक्टोबरला उघडलेला १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा. त्याच्या भोंवतीं प्राणिसंग्रहालय, रात्रीं दिव्यांनीं फुलणारी बाग, लहान मुलांना पोषण शिकविणारें उद्यान आणि त्यांतली छोटी गाडी. आमचीं सुशिक्षित कुटुंबें दिवाळीच्या सुटींत मोटारीनें तेथें जातात. पोषण शिकविणारें उद्यान डोंगराच्या त्या बाजूला, आणि कुपोषणाचीं बालकें या बाजूला, असा हा योग आहे. पंचवीस-तीस वर्षांनीं हीं बाग जुनी होईल, दिवे विझतील, आणि आजचीं नातवंडें प्रौढ होऊन हळहळतील कीं, काय तें भविष्य होतें! तेव्हां त्या हळहळींत मणिबेलीचें नांव येईल काय?

कोणी विचारील कीं, मग तुम्हांला करमणूकच नको काय? असें कोण म्हणतो? शहादें तालुक्यांत सारंगखेड्यास दत्तजयंतीला यात्रा भरते. तापीकांठीं एकमुखी दत्ताचें दर्शन घ्यावें, घोड्यांचा बाजार पाहावा, पाळण्यांत बसावें, गुडीशेव खावी आणि घरीं यावें. तो पाळणा पन्नास वर्षांपूर्वींहि पाळणाच होता व आजहि पाळणाच आहे. १९८६ सालीं मी तुला चंद्रावर नेईन असें त्यानें कोणाला सांगितलेलें नाहीं, म्हणून तो जुना झाला तरी हास्यास्पद होत नाहीं. काठीच्या होळीला रात्रभर चालणारा नाच पहाटे संपतो आणि पुढच्या वर्षीं पुन्हां सुरू होतो. अलीकडे सारंगखेड्याच्या यात्रेलाहि ‘महोत्सव’ करून तंबू ठोकण्याची हौस सरकारास आली आहे. यात्रेनें ती सोसली आहे. ‘जुनें तें सोनें’ हा आमचा पक्ष मात्र नाहीं. अक्राणीच्या पाड्यावरून प्रसूतीच्या बाईला बांबूच्या झोळींत घालून मोलगीपर्यंत किंवा धडगांवपर्यंत आणावें लागतें, तेव्हां त्या घरच्या माणसांना रस्ता हवा असतो, डॉक्टर हवा असतो, दिवा हवा असतो. त्यांना भविष्य आम्हां सर्वांहून अधिक हवें आहे. फरक इतकाच कीं, त्यांना तें पाहावयास नको, वापरावयास हवें आहे.

म्हणून आमचें भांडण उमेदीशीं नाहीं; उमेदीच्या उधारीवर उसासे टाकणारांशीं आहे. सावकार ऋणको फरार झाल्यावर त्याच्या अंगरख्याच्या सुंदर रंगाची आठवण काढून रडत बसत नाहीं. तो खतावणी उघडतो. १९६१ सालीं काय कबूल केलें होतें, १९७९ च्या लवादानें विस्थापितांना किती जमीन द्यावी असें सांगितलें, २०१० सालीं टेंभलीच्या मांडवांत कोणत्या गोष्टी बोलल्या गेल्या, २०१८ सालीं ‘आकांक्षित’ म्हणून कोणत्या आंकड्यांची सुधारणा ठरली, हें सर्व कागदावर आहे. हे कागद वाचण्याइतकें इंग्रजी आमच्या दिवाणखान्यांतील प्रत्येकाला येतें. डिस्नीलँडच्या गाड्यांचीं सालें ज्यांना मुखोद्गत आहेत त्यांना हीं चार सालें जड जाऊं नयेत. महाविद्यालयांतल्या मुलांना सुटींत जिल्ह्याच्या ठिकाणच्या कचेरींत पाठवावें, माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करावयास लावावा. अमेरिकेच्या प्रवासाहून यांत खर्च पुष्कळ कमी आहे.

अनाहाइमच्या त्या प्लॅस्टिकच्या घराचें एक सांगावयाचें राहिलें. घर कापून नेलें, पण त्याचा काँक्रीटचा पाया उखडण्याच्या भरीस कोणी पडलें नाहीं; तो तसाच ठेवून भोंवतीं झाडें लावलीं, आणि जाणते लोक तेथें मुद्दाम थांबून त्याचें छायाचित्र घेतात. त्या घरांत एकहि कुटुंब कधीं एक रात्रहि राहिलें नव्हतें. मणिबेलीचीं घरें सागाच्या खांबांचीं व कुडाच्या भिंतींचीं होतीं, आणि त्यांत माणसें राहत होतीं.