जनरेटर सुरू करण्यापूर्वी
पेठसारख्या धो धो पावसाच्या तालुक्यात वीज गेली की दुकानात, लग्नमंडपात पेट्रोलवरचा छोटा जनरेटर बाहेर निघतो. भिजू नये म्हणून तो पडवीत ठेवला जातो आणि खरा धोका तिथेच असतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. कोंदट जागेत तो झोपलेल्या माणसाला जागही येऊ देत नाही. म्हणून यंत्र दारे-खिडक्यांपासून निदान 20 फूट लांब, वर आडोसा पण चारही बाजू मोकळ्या अशा कोरड्या, सपाट जागी ठेवावे. सपाट जागेवरच ऑइलची पातळी खरी कळते. पेट्रोल इंजिन थंड असतानाच भरावे. मग सगळा लोड काढून कॉक उघडावा, स्विच ऑन करावा, चोक द्यावा. दोरी आधी हळू ओढावी. हाताला अडल्यासारखे लागले की एका दमात खेचावी. इंजिनाने लय धरली की चोक हळूहळू काढावा आणि दोन-तीन मिनिटांनी एकेक उपकरण जोडावे. जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खोचणे मात्र कधीही नको. ती वीज उलटी रोहित्रातून तारांवर चढते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव घेऊ शकते. घरभर वीज हवी असेल तर चेंजओव्हर स्विच जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा.