घराची शोभा

लहान घर शोभिवंत होऊ शकत नाही, असे कित्येकांस वाटते. मला हे मान्य नाही. मुलांनो, आपल्या साखऱ्यातील एखादे जुने घर पाहा : भिंतीत कोनाडा, त्यात लख्ख घासलेला पितळी तांब्या, जवळच जुन्या लुगड्यांची वाकळ. किती प्रसन्न वाटते! वर्ध्याजवळील सेवाग्रामची बापूकुटीही अशीच साधी, माती-बांबूची आहे. मीराबेननी तिच्या भिंतीवर मातीतच ताडाची झाडे व चरखा उठावाने घडविला. एवढ्याशा सजावटीची ती कुटी पाहण्यास आजही दूरदूरचे लोक येतात. आपण मात्र आजीचा तांब्या मोडीत घालतो आणि प्लास्टिकची फुले विकत आणतो! हा व्यवहार तोट्याचा आहे. जुनी वस्तू स्वच्छ करावी, वापरावी, योग्य जागी ठेवावी. घराला शोभा येते ती निगा राखणाऱ्या हातांनी.